एक सतराचा चंद्र

होडीच्या साखळीची किल्ली मागायला बहीणभाऊ आले, तेव्हा काका मागच्या दाराच्या पायरीवर बसून गुडघ्याला मलम चोळत होते. लाइट जाऊन तास झाला होता. आत काकू मेणबत्तीच्या उजेडात भांडी विसळत होत्या आणि लाइटवाल्यांचा उद्धार करत होत्या.

"काका, उद्या रात्री तलावावर जातोय आम्ही," धाकटी म्हणाली. "किल्ली द्या ना."

"उद्याच का? परवा तलाव आटणार आहे?"

थोरल्याने मोबाइल पुढे केला. "हे बघा. यात सगळं येतं. चंद्र कधी उगवतो, वारा कुठला, हवेचा दाब किती, पाणी किती गार. उद्याच्या रात्रीला पाचपैकी पाच मासे दिलेत."

"मोबाइलनेच पाच मासे दिले? मग तलावावर कशाला जाता? तव्यावर टाका की."

आतून काकू हसल्या. थोरला चिडला. "अहो, ती खूण असते. पाच म्हणजे सगळ्यात चांगली रात्र."

"कळलं रे. मला शिकवू नकोस. बरोबर काय काय नेताय?"

धाकटीने बोटांवर मोजलं. दोन गळ, डबाभर गांडुळं, थर्मास, चादर.

"आणि टॉर्च?"

"टॉर्च नाही. उजेडाने मासे बिथरतात. चंद्र उगवला की दिसतंच सगळं."

काकांचा हात गुडघ्यावर थांबला.

"बसा," ते म्हणाले.

"अहो, पोरांना घाबरवू नका," काकू आतून ओरडल्या. "मग रात्रभर मलाच हाका मारतील."

"घाबरवत नाही. किल्लीबरोबर एक गोष्ट द्यायची असते, तेवढी देतो."

"भुताची?" धाकटीने विचारलं आणि भावाला खेटून बसली.

"ते तुम्ही ठरवा. मी टेलरची सांगतो."

टेलर काकांचा दोस्त. बाजाराच्या कोपऱ्यावर त्याचं दुकान होतं. दुकान कसलं, दोन मशिनी, एक फळी आणि कपड्यांचा ढीग. वेळेवर कपडे दिले असं त्याच्या जन्मात घडलं नाही. एका नवरदेवाला कोट मिळाला तो लग्नानंतर चौथ्या दिवशी. पण मासेमारीला हा माणूस मिनिटावर निघायचा. त्याची एक जाड वही होती. पुढून लोकांची मापं, छाती, कंबर, बाही. मागून उघडली की तलाव. कुठल्या तारखेला पाणी किती, वारा कुठून, चंद्र केवढा आणि केव्हा उगवला, काय लागलं, काय सुटलं. एक दिवस चुकलेला नाही.

तो नुसता गळ टाकून बसणारा नव्हता. वर्षाच्या सुरुवातीलाच सगळ्या रात्री आखून ठेवायचा. उन्हाळ्यात पहाटेच जायचं, नंतर पाणी तापतं आणि मासा तळाला बसतो. कडक थंडीत जायचंच नाही. मधले दीड महिने खरे. पाणी नुकतं गार व्हायला लागतं आणि मोठे मिशाळ मासे बुडालेल्या झाडांपाशी वर येतात. तलाव बांधला तेव्हा एक अख्खी बाग पाण्याखाली गेली होती, तिचे वाळके शेंडे अजून वर दिसतात, तिथे. त्यातही हवा बिघडायच्या आदल्या रात्री. दाब उतरला की मासा अधाशासारखा खातो. त्यासाठी त्याने भंगारातून दाब मोजायचं गोल यंत्र आणून मशीनवर टांगलं होतं. गिऱ्हाईक विचारायचं, माझी पँट कधी? हा यंत्राकडे बघून सांगायचा, परवा वारा सुटणार आहे, त्यानंतर या.

आणि सगळ्यावर चंद्र. चंद्र उगवतो तो तास सोन्याचा, असं त्याचं म्हणणं. त्या तासाआधी काळोख पाहिजे. पक्का. होडीत टॉर्च नाही, काडी नाही, विडी नाही. त्याच्या हातातल्या घड्याळाचे रेडियमचे काटे चमकायचे, तेवढाच उजेड.

"म्हणजे आमच्यासारखंच," थोरला म्हणाला.

"तुमच्यासारखंच," काका म्हणाले. "म्हणून तर सांगतोय."

माणूस वाईट नव्हता. हट्टी होता. वाईट माणसाला चार जण अडवतात, हट्टी माणसाला कोणी अडवत नाही. उलट कौतुक करतात, काय नेम आहे म्हणून.

त्याच्याबरोबर कायम एकच जण जायचा. दवाखान्यातला कंपाउंडर. बारीक, थंडीने लगेच शिंकणारा, पोहायला येतं म्हणायला येतं इतपत. तेव्हा औषधं पातळ मिळायची. बाटलीवर कागदाची पट्टी चिकटवलेली असायची आणि पट्टीला कात्रीने खाचा पाडलेल्या. एक खाच म्हणजे एक डोस. अख्ख्या दवाखान्यात त्या खाचा फक्त हाच कापायचा. का, तर कधी चुकायचा नाही. खाच चुकली की औषधाचं विष होतं, म्हणायचा. होडीतल्या पाण्याच्या बाटलीलासुद्धा पट्टी लावायचा. म्हणायचा, "टेलर, एका खाचेला एक घोट. डॉक्टरांचा हुकूम आहे." आणि दोघं खो खो हसायचे.

काका तेव्हा तलावाच्या पंपहाऊसवर ऑपरेटर. तलावाचं पाणी गावाच्या टाकीत चढवायचं, रात्रपाळी. होडीही पंपहाऊसचीच. त्यामुळे किल्ली काकांकडे.

"अकरा नोव्हेंबरची रात्र," काका म्हणाले. "वार बुधवार. अष्टमी उलटलेली. अर्धा चंद्र, उगवायची वेळ एक वाजून सतरा मिनिटं. वहीत लाल पेन्सिलीने गोल केला होता त्याला."

त्या दिवशी कंपाउंडरच्या अंगात कणकण होती. तो नको म्हणत होता. काकांसमोर म्हणाला, किल्ली घेताना. "आज राहू दे रे. नाक गच्च झालंय. पुढच्या आठवड्यात जाऊ."

टेलरने वहीवर बोट आपटलं. "लेका, मधला काळ आहे, दाब उतरतोय, चंद्र मध्यरात्रीनंतर. तिन्ही एकत्र. याच तारखेला हाच चंद्र पुन्हा यायला एकोणीस वर्षं लागतात. एकोणीस! तोवर आपण दोघं असू की नसू?"

कंपाउंडर शिंकला. मग गेला.

काकांनी पंप चालू केला. दोन मोटरी. त्यांचा आवाज असा की शेजारी उभ्या माणसाने शिवी दिली तरी ऐकू येऊ नये.

"पुढचं मला टेलरने सांगितलं," काका म्हणाले. "मलाच नाही, सगळ्यांना. पोलिसांना, कंपाउंडरच्या बायकोला, गिऱ्हाइकांना. एकच वाक्य. माप सांगतात तसं."

झालं ते साधंच होतं. बुडालेल्या झाडांपाशी पोचल्यावर कंपाउंडर नांगराचा दगड सोडायला उठला. अंधारात दोराचा वेढा पायात आला. दगड गेला, माणूस गेला, आणि जाताना हाताखालचं एक वल्हंही गेलं. पाय कसातरी सुटला त्याचा. एका झाडाचा शेंडा हाताला लागला, तो त्याने धरला. तेवढ्यात वारा सुटला. टेलरच्या वहीप्रमाणे सुटायचाच होता. होडी लांब ढकलली गेली. एका वल्ह्याने होडी पुढे जात नाही. गोल फिरते.

टेलर फिरत राहिला. जागच्या जागी.

"कुठे आहेस?" तो ओरडायचा.

"इथे!" आवाज यायचा. पण बांधाची भिंत आवाज परत फेकते. इथे म्हणजे कुठे, ते कळेना. चारही बाजूंनी इथे. वर मोटरींची घरघर. काळोख इतका की स्वतःचा हात दिसेना.

एक टॉर्च असती तर.

मग कंपाउंडरने विचारलं, "किती वाजले?"

टेलरने घड्याळ पाहिलं. "बारा चाळीस! चंद्र एक सतराला आहे! तोवर धर! दिसलास की येतोच!"

पाच मिनिटं गेली.

"किती वाजले?"

"बारा पंचेचाळीस!"

पाणी गार होतं. दर खेपेला आवाज बारीक होत होता. दर खेपेला टेलर वेळ सांगत होता. त्याच्या हातात दुसरं काही नव्हतंच. नुसती वेळ.

"सात वेळा विचारलं त्याने," काकांनी टेलरचं ते वाक्य जसंच्या तसं म्हटलं. "सातही वेळा मी सांगितलं. मग नाही विचारलं."

एक सतराला चंद्र उगवला. अगदी मिनिटावर. चुकणार कसा? झाडाचा शेंडा टेलरला स्वच्छ दिसला. होडीपासून चार हात. शेंडा मोकळा होता.

तिसऱ्या दिवशी कंपाउंडर सापडला.

काकूंनी आत भांडं खाली ठेवलं. आवाज न करता.

"आणि तुम्ही?" धाकटीने विचारलं. "तुम्ही तर तिथेच होतात."

"मी तिथेच होतो. पन्नास पावलांवर तलाव. मोटर चालू होती. मला काही ऐकू आलं नाही."

त्यानंतर टेलर पाण्याकडे फिरकला नाही. गळ विकून टाकले. कपडे वेळेवर द्यायला लागला, यावरून ओळखा. वही मात्र रोज लिहायचा. चंद्र, वारा, दाब. मासे सोडून सगळं. लोक म्हणायचे, डोकं फिरलंय. डोकं ठिकाणावर होतं. तो एकोणीस वर्षं मोजत होता.

एकोणीस वर्षांनी अकरा नोव्हेंबरला शनिवार आला. रात्री साडेनऊला टेलर पंपहाऊसच्या दारात उभा. केस पांढरे. पिशवीत तीन मोठ्या टॉर्च, नवे सेल घातलेल्या. काखेत वही. हातात पाण्याची रिकामी बाटली.

"किल्ली दे," म्हणाला.

"वेडा झालास? वय बघ स्वतःचं."

"यंदा एक एकवीसला उगवतोय. चार मिनिटांचाच फरक पडला. बाकी सगळं तेच आहे, बघ. पाणी तेच. दाब तसाच उतरतोय."

"मग काय करणार आहेस तिथे? मासे धरणार?"

टेलर हसला नाही. "त्याला एकदा उजेड दाखवायचाय रे. बाकी काही नको. त्या दिवशी दाखवता आला नाही."

काकांनी किल्ली काढली. "थांब, मीही येतो."

"नको. होडीत दोघांची जागा आहे."

"आपण दोघंच की."

टेलरने नुसतं बघितलं. बाटली त्यांनी स्वतः नळाखाली धरून भरली. साधी, पारदर्शक, प्लॅस्टिकची. कोरी. टोपण घट्ट लावून दिली.

होडी गेली. या खेपेला दोन वल्ही होती आणि एक जास्तीचं. काका तलावाच्या कडेच्या पायरीवर बसले. टॉर्चचा झोत पाण्यावरून लांब जाताना दिसत होता. झाडांपाशी जाऊन थांबला.

साडेबाराला काका उठले आणि दोन्ही मोटरी बंद केल्या. हुकूम नव्हता तसा. सकाळी टाकी अर्धी राहिली, अख्ख्या गावाच्या शिव्या खाल्ल्या. पण त्या रात्री त्यांना ऐकायचं होतं. ते परत पायरीवर येऊन बसले.

शांत झालं. इतकं शांत की पाणी पायरीला लागतंय तेसुद्धा ऐकू यायला लागलं.

वारा सुटला.

बारा चाळीस.

तलावाच्या मध्यातून टेलरचा आवाज आला. मोठ्याने.

"बारा चाळीस!"

काका ताडकन उभे राहिले. कोणी विचारलं नव्हतं. कानात प्राण आणून ऐकत होते ते. पाणी, वारा... आणि काही नाही. पण टेलरने उत्तर दिलं होतं. विचारल्यावर देतात तसं.

टॉर्चचा झोत गरकन फिरला. डावीकडे. उजवीकडे. मागे.

"बारा पंचेचाळीस!"

झोत पुन्हा फिरला. झाडाचे शेंडे उजळले, विझले. एकेक. मोकळे.

"बारा पन्नास! अरे, इकडे बघ! उजेड दिसतोय का?"

काही नाही.

"बारा पंचावन्न!"

काका पाण्यात उतरले. घोट्यापर्यंत. मग गुडघ्यापर्यंत. दुसरी होडी नव्हती. पोहून जायचं तर तेवढं पाणी त्यांना झेपणारं नव्हतं. हाक मारावी म्हणून तोंड उघडलं. हाक निघेना.

"एक!"

आवाज चिरकला.

"एक पाच! मी आहे! मी इथेच आहे!"

काका मनात मोजत होते. सहा झाले. सहा...

"एक दहा."

हे हळू. जवळच्या माणसाला सांगावं, इतकं हळू. पाण्यावरून आलं म्हणून कळलं.

सात.

मग शांत.

झोत फिरायचा थांबला. होडीच्या अगदी कडेला, पाण्याच्या एकाच जागी पडून राहिला. सरळ खाली. हलेना. काकांनी मनगट डोळ्यांशी नेलं. एक पंधरा. झोत तिथेच. टेलर काही बोलला नाही.

काही... बोलला नाही.

टॉर्च विझली.

"टेलर!" आता काकांना आवाज फुटला. "अरे टेलर!"

टेलर... टेलर... भिंतीने परत दिलं.

एक सोळा. एक सतरा. गुडघाभर पाण्यात उभं राहायचं आणि घड्याळ बघायचं. दुसरं काय करणार होते? तेव्हाही काही केलं नव्हतं. आताही...

एक एकवीसला बांधाच्या वर चंद्र आला. अर्धा. तांबूस.

होडी दिसली. टेलर एका टोकाला बसला होता. ताठ. समोरच्या मोकळ्या फळीकडे तोंड करून. एकटा माणूस होडीच्या टोकाला बसला की समोरचं टोक वर उचलतं. तुम्ही पाहिलंय. समोरचं टोक उचललेलं नव्हतं. होडी सपाट होती.

धाकटीने भावाचा दंड घट्ट धरला. थोरल्याने मोबाइल कधीच उलटा करून ठेवला होता.

"पहाटे तो वल्हवत आला," काका म्हणाले. "कपडे कोरडे. मी हात धरून उतरवला. म्हणालो, काय झालं रे? त्याने सांगितलं. कंपाउंडर विचारत होता. मी सांगत होतो. उजेड जिकडे टाकला, तिकडे नसायचा. उजेडाच्या कडेला असायचा. आणि शेवटी म्हणाला, टेलर, टॉर्च बंद कर. मासे पळतील."

"तो कशाला असं म्हणेल?" थोरला पुटपुटला.

"टेलरचीच वाक्यं ती. एकोणीस वर्षांपूर्वीची."

"मग?"

"मग मी होडीत वाकलो, सामान काढायला. टॉर्च तीन. वही. बाटली. बाटली तशीच भरलेली, टोपण घट्ट. मी लावलं होतं तसंच." काकांनी मलमाच्या डबीचं झाकण लावलं. "फक्त तिला कागदाची पट्टी होती. उभी. कात्रीने खाचा पाडलेली. होडीत कागद नव्हता, कात्री नव्हती, गोंद नव्हता. वहीचं पान फाटलेलं नव्हतं, मी एकेक उलटून पाहिलं.

"टेलरने बाटली हातात घेतली. खाचांवरून नख फिरवलं. वरून खाली. मग खालून वर. मी विचारलं, सात ना रे? सातच ना?"

"काय म्हणाला?"

"मला म्हणाला, ही तू ठेव, माझ्या घरात नको. त्यानंतर दोन वर्षं जगला. गिऱ्हाईक दुकानात आलं की ते वाक्य म्हणायची सवय होती ना त्याला? सात वेळा विचारलं, सातही वेळा सांगितलं? पुन्हा कधी म्हणाला नाही."

काका गुडघा धरून उठले. आत गेले. फळीवरचे डबे सरकवल्याचा आवाज आला. काकू म्हणाल्या, "कशाला ती काढताय?"

काका बाहेर आले. एका हातात होडीची किल्ली, सुतळीने टॉर्चला बांधलेली. ती त्यांनी थोरल्याच्या मांडीवर ठेवली. दुसऱ्या हातातली बाटली पायरीवर, धाकटीसमोर. काकूंनी मागून मेणबत्ती धरली.

"कंपाउंडर खाचा कधी चुकायचा नाही," काका म्हणाले. "मोज."

धाकटीने नख लावलं. एक. दोन. तीन. ओठ हलत होते. चार. पाच. सहा. सात.

नख थांबलं नाही. अजून एका खाचेत अडकलं.